अभिनंदन कोणाचं, कधी आणि कोणत्या शब्दांत?

२०२४ च्या सुरुवातीला आपल्या दोन शेजाऱ्यांकडे महिन्याभराच्या अंतराने निवडणुका झाल्या आणि दोन्ही निकाल वादात सापडले. बांगलादेशात ७ जानेवारीला मतदान झालं, पण बीएनपी या प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला होता. पाकिस्तानात ८ फेब्रुवारीला झालं तेव्हा इम्रान खान तुरुंगात होते, त्यांच्या पक्षाचं बॅट हे चिन्ह गेलेलं होतं, आणि तरीही अपक्ष म्हणून उभे राहिलेले त्यांचेच उमेदवार सर्वांत जास्त संख्येने निवडून आले.

दिल्लीने काय केलं? शेख हसीनांना दुसऱ्याच दिवशी, ८ जानेवारीला, पंतप्रधानांचा फोन गेला. सलग चौथ्या विजयाबद्दल त्यांचं अभिनंदन झालं आणि निवडणूक यशस्वीपणे पार पडल्याबद्दल बांगलादेशच्या जनतेचंही. पाकिस्तानच्या वेळी ५ मार्च उजाडला. शाहबाज शरीफ यांचा शपथविधी झाल्यावर एक्सवर एका वाक्याचं अभिनंदन आलं, तेही फक्त पंतप्रधानपदाची शपथ घेतल्याबद्दल. त्यात निवडणुकीचा, विजयाचा किंवा जनतेचा उल्लेख नव्हता.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत यूपीएससीच्या जीएस पेपर दोनची तयारी करणारी मुलं या घटना वाचतात आणि हमखास विचारतात, 'म्हणजे भारताने तो निकाल मान्य केला की नाही?' उत्तर हो किंवा नाही असं देताच येत नाही, कारण 'हा निकाल आम्हाला मान्य आहे' असं पत्रक भारत सहसा काढतच नाही. सरकार काय करतं हे बघायचं तर चार गोष्टी बघाव्या लागतात: बोललं कोण, कोणाला उद्देशून बोललं, क्रियापद कोणतं वापरलं आणि किती तासांनी किंवा दिवसांनी वापरलं. वरच्या दोन संदेशांत बोलणारे पंतप्रधानच होते आणि क्रियापदही एकच, पण कोणाला उद्देशून, कशाबद्दल आणि किती दिवसांनी हे वेगळं होतं.

आधी 'मान्यता' या शब्दाचा गोंधळ दूर करू. आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्याला, म्हणजे देशाला, मान्यता देणं आणि तिथल्या सरकारला मान्यता देणं या स्वतंत्र गोष्टी आहेत. मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री हेनारो एस्त्रादा यांनी १९३० मध्ये भूमिका घेतली की दुसऱ्या देशातलं सरकार वैध आहे की नाही याचा निवाडा आम्ही देणार नाही. आपला राजदूत तिथे ठेवायचा की परत बोलवायचा, एवढंच ठरवू. ब्रिटनने १९८० मध्ये सरकारांना औपचारिक मान्यता देण्याची पद्धत सोडून दिली. आज बहुतेक देश याच वाटेने चालतात. सरकार कोणाचंही येवो, देशाशी असलेले राजनैतिक संबंध चालू राहतात. त्यामुळे निकालावरचं मत मान्यतापत्रात शोधून सापडत नाही, ते निवेदनात आणि त्यानंतरच्या कृतीत असतं.

निवेदन तयार होतं कसं? मतदानाच्या रात्री तिथल्या आपल्या वकिलातीकडून दिल्लीला अहवाल येतो. परराष्ट्र मंत्रालयात प्रदेशवार विभाग आहेत. बांगलादेश आणि म्यानमार एका विभागाकडे, नेपाळ आणि भूतान दुसऱ्याकडे, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन तिसऱ्याकडे. विभागप्रमुख सहसचिव दर्जाचा असतो आणि मसुद्याचं काम तिथे होतं. प्रवक्त्याचा विभाग वेगळा. शेजारी देशाचा किंवा मोठ्या देशाचा विषय असेल तर परराष्ट्र सचिव आणि पंतप्रधान कार्यालयापर्यंत कागद जातो.

वकिलातीच्या अहवालात जिंकलं कोण हे तर हवंच, पण मसुदा लिहिणाऱ्याला त्याहून उपयोगी अशा बाबी आणखी असतात. निकाल अधिकृतपणे जाहीर करण्याचा अधिकार कायद्याने नेमका कोणत्या संस्थेला आहे, आयोगाला की न्यायालयाला? तक्रार दाखल करण्याची मुदत किती दिवसांची? मतदान केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध झाले का? लष्कर आणि पोलिस कोणाचा हुकूम मानताहेत? हरलेल्या पक्षाने पराभव स्वीकारला का? आणि आपले किती नागरिक तिथे आहेत, कोणत्या शहरांत? यातलं पहिलं कलम चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

आयव्हरी कोस्ट हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. २८ नोव्हेंबर २०१० च्या दुसऱ्या फेरीनंतर निवडणूक आयोगाने अलासान वात्तारा यांना सुमारे ५४ टक्के मतांनी विजयी घोषित केलं. लगेच घटना परिषदेने उत्तरेकडच्या काही भागांतली मतं रद्द करून सत्तेवर असलेले अध्यक्ष लॉरां ग्बाग्बो ५१ टक्क्यांनी जिंकल्याचं सांगितलं. दोघांनीही शपथ घेतली. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीला निवडणूक प्रमाणित करण्याचा अधिकार सुरक्षा परिषदेने आधीच दिलेला होता आणि त्याने वात्तारा यांच्या बाजूने प्रमाणपत्र दिलं. असा तिसरा आधार दुर्मिळ असतो. तो होता म्हणून पुढच्या गोष्टी वेगाने झाल्या: डिसेंबरातच आमसभेने वात्तारा यांच्या राजदूताची अधिकारपत्रं स्वीकारली आणि पश्चिम आफ्रिकेच्या सामाईक मध्यवर्ती बँकेत त्या देशाच्या खात्यावर सही करण्याचा हक्क वात्तारा यांच्या माणसांना देण्याचा निर्णय झाला. इतकं होऊनही ग्बाग्बो यांना अटक व्हायला ११ एप्रिल २०११ उजाडला आणि मधल्या काळात सुमारे ३,००० माणसं मेली.

बँकेतल्या त्या सहीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. परराष्ट्र धोरणाची चर्चा शब्दांवर अडते, पण वादग्रस्त निकालानंतर खरा प्रश्न लवकरच 'सही कोणाची चालेल' यावर येतो. देशाचा परदेशातला पैसा, सोनं, दूतावासाची इमारत, पासपोर्ट छापण्याचा अधिकार, आमसभेतली खुर्ची हे सगळं त्या एका प्रश्नाला लटकलेलं असतं. व्हेनेझुएलात जानेवारी २०१९ मध्ये विरोधी नेते ह्वान ग्वाइदो यांनी स्वतःला हंगामी अध्यक्ष घोषित केलं. अमेरिकेने त्याच दिवशी, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, स्पेनने काही दिवसांत आणि एकूण पन्नासहून अधिक देशांनी त्यांना मान्यता दिली. परिणामी बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवलेल्या व्हेनेझुएलाच्या सुमारे ३१ टन सोन्यावर हक्क कोणाचा, हा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मैदानावर मात्र सैन्य, तेल कंपनी, विमानतळ, पासपोर्ट कार्यालय सगळं सत्तेवर असलेले अध्यक्ष निकोलास मादुरो यांच्याच ताब्यात राहिलं. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस विरोधकांच्या संसदेनेच ते हंगामी सरकार बरखास्त करायचं ठरवलं. ज्याच्या हातात प्रशासन नाही त्याला मान्यता दिली की आपल्या नागरिकाच्या अडचणीसाठी फोन करायला तिथे कुणी उरत नाही. भारताने तेव्हा कोणाचंही नाव न घेता, व्हेनेझुएलाच्या जनतेने हिंसेविना, चर्चेतून मार्ग काढावा एवढंच म्हटलं. त्या निवेदनाला इथे अनेकांनी भित्रं म्हटलं होतं. माझ्या मते ते बरोबर होतं, कारण आपल्या हाती काहीही बदलण्याची ताकद नव्हती आणि गमावण्यासारखं बरंच होतं.

आता क्रियापदाकडे येऊ. 'स्वागत करतो', 'अभिनंदन करतो', 'नोंद घेतो', 'बारकाईने लक्ष ठेवून आहोत', 'चिंता वाटते', 'तीव्र चिंता वाटते' ही उतरती भाजणी आहे. प्रत्येक पायरीचा अर्थ समोरच्या देशातले अधिकारी अचूक लावतात. २० सप्टेंबर २०१५ ला नेपाळने नवी राज्यघटना लागू केली तेव्हा जगभरातून स्वागत आलं आणि भारताने फक्त 'नोंद घेतली'. हा निवडणुकीचा प्रसंग नव्हता, पण एका क्रियापदाने किती काम होतं हे त्याहून चांगलं कुठे दिसत नाही. काठमांडूत तो शब्द नापसंती म्हणूनच वाचला गेला. पुढच्या काही महिन्यांत सीमेवरची कोंडी झाली आणि त्या दोन्हीची कडू आठवण तिथे अजून आहे.

श्रीलंकेतला २०१८ चा पेच भारताने उत्तम हाताळला असं मला ठामपणे वाटतं. २६ ऑक्टोबरला अध्यक्ष सिरिसेना यांनी पंतप्रधान विक्रमसिंघे यांना काढून महिंदा राजपक्षे यांना बसवलं. चीनचे राजदूत लगेच राजपक्षेंना भेटून अभिनंदन करून आले. दिल्लीने दोन दिवस घेतले आणि घडामोडींवर लक्ष असल्याचं सांगून लोकशाही मूल्यं व घटनात्मक प्रक्रिया यांचा आदर व्हावा अशी अपेक्षा मांडली. शेवटी विकासकामांची मदत श्रीलंकेच्या जनतेसाठी चालू राहील, हेही जोडलं. एकाही नेत्याचं नाव नाही. डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांविरुद्ध निकाल दिला, राजपक्षे पायउतार झाले, १६ डिसेंबरला विक्रमसिंघे परत आले. भारताला एक शब्दही मागे घ्यावा लागला नाही, आणि निकाल उलटा लागला असता तरी घ्यावा लागला नसता.

वेळेच्या बाबतीत चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये युक्रेनच्या दुसऱ्या फेरीचा अधिकृत निकाल लागण्याआधीच पुतिन यांनी यानुकोविच यांचं अभिनंदन करून टाकलं. ३ डिसेंबरला युक्रेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेरीच रद्द केली, २६ डिसेंबरला फेरमतदान झालं आणि युश्चेन्को जिंकले. नवा अध्यक्ष पदावर बसला तोच मॉस्कोबद्दलची ती आठवण घेऊन. उशिराचीही किंमत असते. २०२० मध्ये अमेरिकी माध्यमांनी ७ नोव्हेंबरला बायडेन विजयी झाल्याचं सांगताच काही तासांत भारताचं अभिनंदन गेलं; चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांचं २५ नोव्हेंबरला, आणि पुतिन यांचं १५ डिसेंबरला, म्हणजे इलेक्टोरल कॉलेजचं मतदान झाल्यावर. ट्रम्प तेव्हा निकाल मानायला तयार नव्हते. तरीही भारताने धोका कमी मानला तो योग्यच, कारण राज्याराज्यांतले आकडे उघड होते आणि मतमोजणीवर देखरेख करणाऱ्या संस्था शाबूत होत्या. घाई कधी परवडते याचं मोजमाप हेच: आकडे केंद्रनिहाय उघडे आहेत का, आणि तक्रार ऐकणारं न्यायालय स्वतंत्र आहे का.

घाई कुलूप लावूनही करता येते. २३ सप्टेंबर २०१८ ला मालदीवमध्ये मतदान झालं. त्या वर्षी तिथे आणीबाणी लागून गेली होती, विरोधी नेते तुरुंगात किंवा परदेशात होते आणि अध्यक्ष यामीन निकाल मानतील का याची खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच भारताने विरोधकांचे उमेदवार इब्राहिम सोलिह यांचं अभिनंदन केलं, पण वाक्यात दोन कुलपं होती. एक, 'प्राथमिक माहितीनुसार'. दुसरं, तिथला निवडणूक आयोग लवकरात लवकर निकालाची अधिकृत पुष्टी करेल अशी आशा. पहिल्याने चूक झाल्यास सुटका ठेवली आणि दुसऱ्याने आयोगावर सभ्य भाषेत दबाव आणला. यामीन यांनी त्याच दिवशी पराभव मान्य केला, पुढे ते न्यायालयातही गेले आणि अर्ज फेटाळला गेला. १७ नोव्हेंबरला सोलिह यांच्या शपथविधीला आपले पंतप्रधान मालेमध्ये हजर होते.

मग बांगलादेशात जानेवारी २०२४ मध्ये अशी कुलपं का लावली नाहीत? कारणं समजण्यासारखी आहेत. ४,०९६ किलोमीटरची सीमा, ईशान्येतल्या बंडखोर गटांवर हसीना सरकारने केलेली कारवाई, रेल्वे आणि बंदरांचे करार. निवडणूक मुक्त व न्याय्य नव्हती असं अमेरिकेने आणि लोकशाही निवडणुकीचे निकष सातत्याने पाळले गेले नाहीत असं ब्रिटनने त्याच सुमारास म्हटलं होतं, त्यामुळे ढाक्याला कोणीतरी जवळचं माणूस हवं होतं आणि चीन ती जागा घ्यायला तयार होता. फोन करणं त्यामुळे टाळता आलं नसतं. माझा आक्षेप फक्त एका शब्दावर आहे, 'यशस्वीपणे'. हसीनांचं अभिनंदन करणं हा शिष्टाचार होता. निवडणूक यशस्वी झाली म्हणणं हे प्रमाणपत्र होतं, आणि ते मागितलेलंही नव्हतं.

भारताकडे याहून चांगला जुना नमुना होता. ५ जानेवारी २०१४ च्या निवडणुकीवरही बीएनपीचा बहिष्कार होता आणि ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या होत्या. तेव्हाच्या निवेदनात ही निवडणूक घटनात्मक गरज होती, आपलं भवितव्य बांगलादेशच्या जनतेनेच ठरवायचं आहे आणि हिंसेने वाट ठरू नये, असं म्हटलं होतं. सरकारशी संबंध टिकले, पण निवडणुकीच्या दर्जावर सही केली नाही. २०२४ मध्ये ती रेघ पुसली गेली. ५ ऑगस्टला हसीना सत्ता सोडून भारतात आल्या, तेव्हा ढाक्याच्या रस्त्यावरच्या तरुणांच्या लेखी भारत एका पक्षाचा मित्र ठरला होता. व्हिसा केंद्रं बंद ठेवावी लागली, आणि २३ डिसेंबरला हसीनांना परत पाठवा अशी मागणी करणारी नोट व्हर्बाल, म्हणजे सरकारकडून सरकारला जाणारं औपचारिक राजनैतिक पत्र, आली. हे सगळं एका शब्दामुळे झालं असं कोणीही म्हणणार नाही. पण जिथे अनेक वर्षं विरोधी पक्षाशी बोलणं पातळ झालेलं असतं, तिथे असा शब्द लोकांच्या लक्षात राहतो.

पुण्यात बसून याची झळ कशी लागते, असं कोणी विचारलं तर चाकण किंवा मंचरच्या बाजारात जाऊन बघावं. आपल्या कांद्याचा फार मोठा ग्राहक बांगलादेश राहिला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि १ मार्च २०२४ ला सरकारी वाटेने बांगलादेशसाठी ५०,००० टनांची सूट दिली. सीमेवरचा ट्रक राजकारणावर किती अवलंबून असतो हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. निवेदनाचा मसुदा लिहिणाऱ्यासमोर हाही कागद असायला हवा.

निवेदनानंतरच्या कृती शब्दांपेक्षा जास्त बोलतात. राजदूत शपथविधीला जातो की दुय्यम अधिकारी जातो? नवा राजदूत पाठवायचा की नाही? हा दुसरा प्रश्न फार नाजूक असतो, कारण राजदूताचं अधिकारपत्र एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाच्या नावे लिहिलेलं असतं. वादग्रस्त अध्यक्षाच्या नावे ते लिहिलं की निकाल मानल्यासारखंच होतं. म्हणून अनेक देश जुन्या राजदूताची मुदत संपल्यावर तिथे फक्त चार्ज द अफेअर, म्हणजे राजदूताविना दूतावास सांभाळणारा अधिकारी, ठेवतात. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम १४ नुसार अशा दूताचं पत्र परराष्ट्रमंत्र्याच्या नावे जातं. काम चालू राहतं आणि अध्यक्षाचं नाव लिहावं लागत नाही.

टीका करणाऱ्यांनी आपल्या दूतावासाच्या इमारतीचाही विचार आधीच करून ठेवावा. व्हेनेझुएलातल्या २८ जुलै २०२४ च्या निवडणुकीनंतर मादुरो सरकारने अर्जेंटिना, चिली, कोस्टारिका, पेरू, पनामा, डॉमिनिकन रिपब्लिक आणि उरुग्वे या सात देशांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितलं. काराकासमधल्या अर्जेंटिनाच्या निवासस्थानी विरोधी पक्षाचे लोक आश्रयाला होते. ब्राझीलने ती जागा आपल्या ताब्यात घेऊन तिथे आपला झेंडा लावला. व्हिएन्ना कराराच्या कलम ४५ मध्ये ही सोय आहे, पण तिसरा देश यजमान सरकारलाही चालावा लागतो. ब्राझील चालला, कारण त्याने कोलंबिया आणि मेक्सिकोसोबत काढलेल्या निवेदनात मादुरो हरले असं न म्हणता केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध करा एवढंच मागितलं होतं. ज्याला मध्यस्थी करायची आहे त्याने मागावं ते हेच. आकडे मागणं म्हणजे कोणाची बाजू घेणं होत नाही, आणि आकडे न देणाऱ्याचं म्हणणं आपोआप उघडं पडतं.

आमसभेतली खुर्ची हा सर्वांत संथ मार्ग आहे. म्यानमारमध्ये नोव्हेंबर २०२० ची निवडणूक आंग सान सू ची यांच्या पक्षाने मोठ्या फरकाने जिंकली. मतदार याद्यांत घोटाळा झाल्याचा आरोप करत लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता घेतली. त्या दिवशी भारताने 'तीव्र चिंता' व्यक्त केली आणि कायद्याचं राज्य व लोकशाही प्रक्रिया टिकली पाहिजे असं म्हटलं. १८ जूनला आमसभेत ठराव ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत भारत होता. मिझोराम, मणिपूर, नागालँड, अरुणाचलला लागून १,६४३ किलोमीटरची सीमा असताना लष्कराशी बोलणं तोडता येत नाही, हे मला पटतं. विरोधकांशी उघडपणे बोलणं कमी राहिलं, हे पटत नाही. आमसभेच्या नऊ सदस्यांच्या अधिकारपत्र समितीने म्यानमारचा निर्णय पुढे ढकलला. परिणाम असा की निवडून आलेल्या सरकारने नेमलेला राजदूतच, लष्कराने बडतर्फ केल्यावरही, त्या खुर्चीवर बसून राहिला.

हे सगळं हाताशी ठेवून, शेजारी देशात उद्या वादग्रस्त निकाल लागला आणि प्रमुख विरोधी पक्षाने तो नाकारला, तर पहिल्या चोवीस तासांसाठी माझा मसुदा असा असेल:

'मतदानात सहभागी झालेल्या जनतेचं आम्ही अभिनंदन करतो. जाहीर झालेल्या निकालाची आणि त्यावर व्यक्त झालेल्या आक्षेपांची आम्ही नोंद घेतली आहे. हे आक्षेप तिथल्या घटनेत सांगितलेल्या मार्गाने, हिंसेविना आणि लवकर निकाली निघतील अशी आम्हाला आशा आहे. तिथल्या जनतेशी असलेली आमची विकासातली भागीदारी चालू राहील.'

हे प्रवक्त्याच्या तोंडून यावं, पंतप्रधानांच्या खात्यावरून नाही. त्याच दिवशी राजदूताने सरकारला आणि विरोधी पक्षालाही भेटीची वेळ मागावी, आणि भारतीय नागरिकांसाठी दूतावासाचा चोवीस तास चालणारा फोन क्रमांक वेगळ्या सूचनेत द्यावा, राजकीय निवेदनात मिसळू नये. तक्रारींची मुदत संपली आणि न्यायालयाचा निकाल आला की पंतप्रधानांचा फोन जावा. तोपर्यंत विजेत्याचं नाव आणि 'यशस्वी' हे विशेषण दोन्ही मसुद्याबाहेर राहतील.